आलेख भाग १ मध्ये, चढ भाग २ मध्ये

राज्य मंडळाच्या दहावीला गणिताची दोन पुस्तके आहेत. भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा, आणि दोन्हींच्या चाळीस-चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या दिवशी. भाग १ च्या पहिल्याच प्रकरणात रेषीय समीकरणांचे आलेख काढायचे असतात. त्याच रेषेचा चढ, म्हणजे ती किती तिरकी आहे ते सांगणारी संख्या, काढायला मात्र मुलाला भाग २ मधल्या ‘निर्देशक भूमिती’ची वाट पाहावी लागते. अनेक शाळांत हे दोन भाग दोन वेगळे शिक्षक शिकवतात, आणि दोन्हीकडची रेषा एकच आहे हे सांगायचे राहूनच जाते. ही विभागणी सोयीची आहे, पण विषयाच्या इतिहासाशी ती जुळत नाही.

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांचेच पाहा. त्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशींना यावत्तावत् आणि मग कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. एका जातीच्या राशींची बेरीज करावी, वेगळ्या जातीच्या राशी शेजारी तशाच ठेवाव्यात, हा त्यांचा नियम आजही ‘सजातीय पदे’ म्हणून आठवी-नववीत शिकवला जातो. त्याच ग्रंथात ते म्हणतात की उपपत्ती, म्हणजे सिद्धता, दोन प्रकारची असते, एक क्षेत्रगत (आकृतीवरून) आणि दुसरी राशिगत (अक्षरराशींवरून). उदाहरण असे: एका संख्येची चौपट आणि दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेत दोन मिळवले की त्या दोन संख्यांचा गुणाकार येतो, तर संख्या कोणत्या? गुणाकार म्हणजे आयताचे क्षेत्रफळ धरायचे. त्यातून एका बाजूने चार आणि दुसऱ्या बाजूने तीन रुंदीची पट्टी काढली की कोपऱ्यात १४ क्षेत्रफळाचा लहान आयत उरतो. मग १४ चे अवयव पाडले की उत्तरे हाती येतात: ४ आणि १८, ५ आणि ११, १० आणि ६, १७ आणि ५. वर्गात फळ्यावर करून दाखवावे असे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. महाराष्ट्रात बीजगणित शिकवण्याची परंपरा निदान तितकी जुनी आहे.

तरीही याला निर्देशक भूमिती म्हणता येणार नाही. प्रत्येक बिंदूला संख्यांची जोडी आणि प्रत्येक समीकरणाला एक रेषा किंवा वक्र, ही कल्पना सतराव्या शतकात फ्रान्समध्ये देकार्त आणि फर्मा यांनी स्वतंत्रपणे मांडली. देकार्तचा भूमितीवरचा निबंध १६३७ चा. त्याआधी युरोपात अज्ञाताचा वर्ग म्हणजे क्षेत्रफळ आणि घन म्हणजे घनफळ, त्यामुळे त्यांची बेरीज करणे चुकीचे मानत. देकार्तने वर्गालाही एका रेषाखंडाची लांबी मानले आणि ती अडचण संपली. आपण फळ्यावर काढतो ते चार चरण, म्हणजे दोन अक्षांनी पडणारे चार भाग, मात्र त्या निबंधात नाहीत. ऋण निर्देशकांसह चारही चरणांत वक्र काढणे न्यूटनच्या १७०४ च्या लेखनात ठळकपणे दिसते. अंतराचे सूत्र आणि रेषेच्या समीकरणाची नेहमीची रूपे अठराव्या शतकाच्या अखेरीस, मोंज आणि लाक्रवा या फ्रेंच गणितींच्या काळात, अभ्यासक्रमाच्या साच्यात बसली.

शाळेपर्यंत हे पोचायला आणखी शंभर वर्षे गेली. मुंबई इलाख्यात कॅप्टन जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साहाय्याने १८२०च्या दशकात हटनच्या इंग्रजी ग्रंथावरून मराठी गणिताची पुस्तके केली. १८५७ ला मुंबई विद्यापीठ आले, मॅट्रिकची परीक्षा आली आणि इंग्रजी वळणाचा अभ्यासक्रम रुजला. भूमिती म्हणजे युक्लिड आणि बीजगणित म्हणजे अक्षरांची आकडेमोड, अशी त्यात वाटणी होती. तिला खरा धक्का दिला जॉन पेरी या अभियंत्याने. १९०१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ग्लासगोच्या सभेत त्याने चौकटीच्या कागदावर आलेख काढायला शिकवा असा आग्रह धरला. १९०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने युक्लिडच्या क्रमाची सक्ती सोडली. पुढे बीजगणिताच्या शालेय पुस्तकांत आलेखांची प्रकरणे रुळली. आलेखवही दप्तरात आली ती या चळवळीमुळे.

आपल्याकडे १९७५ मध्ये अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली. नंतर अभ्यासक्रम अनेकदा बदलला, पण दोन भाग टिकून राहिले. २०१८ च्या पुस्तकात निर्देशक भूमिती अंतर, विभाजन आणि चढ या सूत्रांवर थांबते. चढावरून रेषेचे समीकरण लिहिणे अकरावीला जाते, म्हणजे ज्यांनी पुढे गणित घेतले नाही त्यांना बीजगणित आणि भूमितीमधला सांधा दिसतच नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

सांधा जुळवायला वेगळे प्रकरण लागत नाही. भाग १ मधली क्रेमरची रीत, म्हणजे निश्चयकांनी (सहगुणकांच्या तिरकस गुणाकारांच्या वजाबाकीने) दोन समीकरणे सोडवणे, छेदातला निश्चयक शून्य आला की चालत नाही. भाग २ सांगतो की समांतर रेषांचे चढ समान असतात. समीकरणांतल्या सहगुणकांवरून दोन्ही रेषांचे चढ काढून समान मांडले आणि तिरकस गुणाकार केला की नेमका तोच निश्चयक शून्य येतो. आणि ही रीत क्रेमरने १७५० मध्ये दिली ती बैजिक (बीजगणिती समीकरणांनी ठरणाऱ्या) वक्रांवरच्या ग्रंथाच्या परिशिष्टात, दिलेल्या बिंदूंतून जाणारा वक्र शोधताना सोडवाव्या लागणाऱ्या समीकरणांसाठी.