वहीत 'इंजिन रफ' एवढंच लिहू नका

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवायला दोन स्वतंत्र मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रं. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहावं म्हणून ही सोय. उड्डाणापूर्वी वैमानिक इंजिन साधारण 1700-1800 आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) आणतो आणि किल्लीने आळीपाळीने एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. सिलिंडरमध्ये एकच ठिणगी पडली की इंधन जरा सावकाश जळतं, त्यामुळे फेरे थोडे घटतात. किती घट चालेल ते त्या विमानाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच विमानांत ती 150पर्यंत चालते, आणि दोन बाजूंच्या घटीत फार तर 50चा फरक.

फेरे 300ने घसरले, इंजिन थडथडलं, तर कुणाच्याही लक्षात येतं. पण मॅग्नेटो बंद केल्यावर काटा जागचा हललाच नाही तर? नवशिक्याला ते चांगलं लक्षण वाटतं. खरं तर धोका इथेच असू शकतो. मॅग्नेटो बंद करणं म्हणजे त्याची एक तार इंजिनाच्या धातूला जोडून ठिणगी मारून टाकणं. ती तार तुटली की स्विच 'बंद' दाखवतो आणि मॅग्नेटो जिवंतच राहतो. रचना मुद्दाम तशी केलेली आहे: हवेत तार तुटली तरी इंजिन चालत राहावं. जमिनीवर मात्र हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. किल्ली खिशात असताना कुणी पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवला तर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. म्हणून 'घट 0' हाही बिघाडच समजायचा, विमानाच्या नोंदवहीत लिहायचा, पंख्याला पाटी अडकवायची आणि तार तपासल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही.

वहीत मात्र पुष्कळदा 'इंजिन रफ', म्हणजे इंजिन थडथडतं, एवढंच सापडतं. त्याऐवजी असं लिहिलेलं असेल तर बघा: 'फक्त डाव्या मॅग्नेटोवर 1800चे 1520 झाले. इंजिन गरम. मिश्रण पातळ करून मिनिटभर चालवल्यावर 1700. प्लग 30 उड्डाणतासांपूर्वी साफ केले होते.' मेकॅनिकचं अर्धं काम इथेच झालं. मिश्रण पातळ केल्यावर, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केल्यावर, फरक पडला, म्हणजे प्लगवर काजळी किंवा शिसं साचलं असणार. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजूनही बहुतेक ठिकाणी शिसं असतं. फरक पडला नसता तर त्याने आधी प्लग आणि केबल पाहिल्या असत्या, मग मॅग्नेटो उघडला असता.

'शेवटचं काम कधी आणि कोणतं' हे लिहिण्याला फार महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या (समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या विभागाच्या) विमानांचे बिघाड जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तासांनुसार मांडले. 50 तासांची तपासणी जवळ येईल तसे बिघाड वाढत जातील, अशी कुणाचीही अपेक्षा असणार. आढळलं उलटं: तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत जास्त, मग हळूहळू कमी. धड चाललेले भाग उगाच उघडल्याने नव्या चुका आत शिरत होत्या. ही गोष्ट केवळ नोंदींमुळे दिसली.

तेलाच्या फिल्टरचंही तसंच. फिल्टर असलेल्या इंजिनात साधारण दर 50 तासांनी तेल बदलतात. जुना फिल्टर फेकायचा नाही, कापून उघडायचा, तोही फिल्टर कापायच्या खास कटरने. करवतीने कापला तर तिचाच कीस आत पडतो आणि निदान चुकतं. आतला कागद चुण्या उलगडून उजेडात धरायचा, चकाकणाऱ्या कणांवरून चुंबक फिरवायचं. चिकटले तर पोलाद, म्हणजे कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) किंवा त्याला टेकून सरकणाऱ्या टॅपेटवर संशय. लायकॉमिंग कंपनीच्या नेहमीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन् महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. कण चुंबकाला न चिकटणारे, रुपेरी असतील तर ॲल्युमिनियम, पिवळसर असतील तर ब्राँझच्या बुशकडे बघायचं. एका वेळच्या दोन-चार कणांवरून निकाल देता येत नाही. मागच्या वेळी किती होते, हे लिहून ठेवलेलं असेल तरच वाढ कळते.

आता थोडं गणित. समजा एखादा भाग सरासरी 5,000 तासांत एकदा दगा देतो. वर्षाला 100 तास उडणाऱ्या मालकाला तो बिघाड 50 वर्षांत एकदा दिसेल आणि तो त्याला नशीब म्हणून सोडून देईल. अशी 1,000 विमानं धरली तर वर्षाला 20 बिघाड होतात. ते एका ठिकाणी कळले तर कुणीतरी विचारेल की हे सगळे त्याच जागी का तुटतात?

4 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेत डेटोना बीचजवळ पायपर ॲरो जातीच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर लगेच तुटला, दोघे गेले. मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईच्या, खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी, पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकला आणि तडा गेला होता. पुढे एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने) काढलेल्या आदेशात, कोणत्या विमानाची भोकं एडी करंटने (विजेच्या प्रवाहाने धातूतले तडे शोधण्याच्या पद्धतीने) तपासायची हे ठरवायला एक सूत्र दिलं. व्यावसायिक प्रशिक्षणाच्या विमानांना दर 100 तासांनी तपासणी सक्तीची असते, म्हणून लॉगबुकात अशा जितक्या तपासण्या तितके शंभर तास पूर्ण धरायचे आणि उरलेल्या तासांना 17ने भागायचं. 7,000 तास आणि 40 तपासण्या असतील तर 4,000 अधिक 176, म्हणजे 4,176. हे आदेशातल्या 5,000च्या मर्यादेखाली, म्हणून अजून मुदत आहे. कुणीतरी कंटाळत लिहिलेल्या त्या ओळींवर आज पंखाची तपासणी ठरते. तपासणीचे निकाल कळवणंही त्या आदेशात बंधनकारक होतं. माझ्या मते 'तडा नाही' हे कळवणंही तितकंच मोलाचं, कारण एकूण किती विमानं तपासली हे माहीत नसेल तर तडा गेलेल्यांची संख्या घेऊन काहीच ठरवता येत नाही.

लोक लिहीत नाहीत, त्याचं मोठं कारण भीती: विमान अडकून पडेल, दोष आपल्यावर येईल. म्हणूनच अमेरिकेत 1976पासून विमान सुरक्षेचे गोपनीय अहवाल कारवाई करणाऱ्या एफएएऐवजी नासा गोळा करते आणि नावं काढून टाकते. हा रस्ता फार शहाणपणाचा आहे.

आणि तुटलेला भाग घासून-पुसून चकचकीत करू नका. काढण्याआधी जागेवरच फोटो घ्या, तुटलेली तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका, कारण थकव्याच्या बारीक रेषा तेवढ्यानेही पुसल्या जातात. भाग पिशवीत घाला, पिशवीवर पार्ट नंबर, एकूण तास आणि तारीख लिहा, आणि बिघाडाच्या अहवालासोबत पाठवा.