दारूविना बैठक: पेल्यात तिखट आणि तुरट का हवं

दारू नसलेल्या बैठकीत हमखास एक चूक होते. ट्रेमधून गोड सरबत येतं, तीन घोटांत संपतं आणि दुसऱ्या पेल्याला कुणी हात लावत नाही. मग यजमानाला वाटतं, पाहुण्यांना दारूच हवी होती. खरं कारण वेगळं असतं: सरबतात साखर आणि आंबटपणा सोडून काहीच नसतं, म्हणून ते घुटके घेत पिण्यासारखं राहत नाही.

आपल्या षड्रसांत तिखट आणि तुरट या चवी गोड-आंबटाच्या पंगतीला बसतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या दोन्ही चवी नव्हेत. जिभेवरच्या चवकळ्या गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी ओळखतात. तिखट ओळखतात ते उष्णता आणि वेदना टिपणारे मज्जातंतू. त्यांच्यावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या आसपास ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला तापमान न वाढवताच उघडतं. मिऱ्यातलं पायपरिन आणि आल्यातलं जिंजरॉलही तेच करतं. मद्यार्काची तऱ्हा थोडी निराळी: तो या प्रथिनाचा उघडण्याचा उंबरठाच जवळपास ३४ अंशांपर्यंत खाली आणतो. त्यामुळे तोंडाचं नेहमीचं तापमानही भाजल्यासारखं वाटतं. दारूचा घोट घशाला जाळत जातो तो यामुळे.

तुरटपणा हा तर स्पर्शच. चहा, जांभूळ, कच्चं केळं किंवा रेड वाइन यांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. जळजळ, तुरटपणा आणि बियरमध्ये असतो तसा थोडा कडवटपणा, ही तिन्ही माणसाला सावकाश प्यायला लावतात. एवढं काम आलं, मिरी, चहा आणि कोकम यांच्याकडून करून घेता येतं. पेला रेंगाळला की गप्पाही रेंगाळतात, आणि साखरही निम्मी पुरते.

साखरेचा हिशेब आधी करून टाकू. बाजारातल्या कोलात १०० मिलिलीटरला सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. घरचं पेय त्याहून हलकं असतं असं आपण धरून चालतो, पण अर्धा किलो कैऱ्यांच्या गरात पाव किलो गूळ घालून दोन लिटर पन्हं केलं, तर प्रमाण त्याच घरात जातं. इथल्या पाककृती १०० मिलिलीटरला ३ ते ५ ग्रॅम धरून दिल्या आहेत. यात एक पथ्य पाळावं लागतं: साखर कमी केली की आंबटही कमी करायचं. गोड आणि आंबट एकमेकांना दाबतात. नुसती साखर निम्मी केली तर सरबत हलकं न होता फक्त आंबट होतं. आणि चव बघायची ती पेय थंड झाल्यावर. थंडीत जिभेची गोडाची जाणीव मंदावते, म्हणून कोमट असताना बेताचं वाटलेलं सरबत बर्फात फिकं लागतं.

पहिलं पेय आल्याचा सोडा. १०० ग्रॅम ताजं आलं किसून, ३०० मिलिलीटर पाण्यात मिक्सरमधून फिरवून पंचातून पिळून घ्या. हा रस २० मिनिटं न हलवता ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्याचा स्टार्च. वरचा रस अलगद ओतून घ्या आणि साका टाकून द्या, नाहीतर पेय गढूळ होऊन जिभेला पिठूळ लागतं. त्यात १०० ग्रॅम साखर, चार रसाळ लिंबांचा रस (सुमारे १०० मिलिलीटर), चमचाभर काळं मीठ आणि ८-१० मिऱ्यांची भरड घालून पूर्ण विरघळवा, तासाभराने गाळा. पेल्यात हा अर्क ३० मिलिलीटर आणि त्यावर १२० मिलिलीटर थंडगार सोडा. एवढ्यात १५ पेले होतात आणि प्रत्येकात सात ग्रॅमच्या आत साखर जाते. लिंबू पिळताना साल आणि बिया चिरडू नका. त्यांतून उतरणाऱ्या द्रव्यांपासून आम्लात काही तासांनी कडू लिमोनिन तयार होतं. आलं चवीला सौम्य निघालं तर चिमूटभर सुंठ घाला. वाळताना जिंजरॉलचं शोगॉल होतं आणि ते जास्त झणझणीत असतं.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी अर्क, मग सोडा, तोही पेल्याच्या कडेने. सोड्यात वरून काळं मीठ भुरभुरलं की तो उसळून टेबलावर येतो, कारण मिठाचा प्रत्येक खडबडीत कण कार्बन डायऑक्साइडला बुडबुडे धरायला जागा देतो. मीठ अर्कात आधीच विरघळलेलं असलं की हा प्रकार होत नाही. सोडा थंड असणं ही फक्त आवडीची गोष्ट नाही. एक लिटर पाणी वातावरणाच्या दाबाला शून्य अंशावर सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरतं, ३० अंशांवर जेमतेम ०.६६ लिटर. कोमट सोड्याची बाटली उघडली की झणझणाट झपाट्याने हवेत जातो.

दुसरं पेय तुरटपणासाठी, कोकम-चहा. एक लिटर थंड पाण्यात १० ग्रॅम लांब पानाचा चहा घालून रात्रभर, म्हणजे आठेक तास, फ्रिजमध्ये ठेवा आणि गाळा. चहा उकळून मग थंड केला तर टॅनिन आणि कॅफिन एकत्र येऊन तो दुधाळ गढूळ होतो. थंड पाण्यात मुरवलेला स्वच्छ तांबूस राहतो आणि कडवटही कमी होतो. आठ आमसुलं, तीन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी २०० मिलिलीटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून गाळा, त्यात ४० ग्रॅम साखर विरघळवून चहात मिसळा. आठ पेले होतात. ज्यांची झोप चहाने उडते त्यांना रात्री हे देऊ नये. आमसुलं कधी खारवलेली असतात, म्हणून मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही.

सोलकढी मात्र नीट समजून करण्यासारखी आहे, कारण ती बिघडते ती रसायनामुळे आणि दोष दिला जातो नारळाला. एका मध्यम नारळाचं सुमारे २०० ग्रॅम खोबरं खवून, ३०० मिलिलीटर कोमट पाण्यात एक हिरवी मिरची आणि दोन लसूण पाकळ्यांसह वाटून पिळा. चोथ्यात पुन्हा ३०० मिलिलीटर कोमट पाणी घालून दुसरं दूध काढा. पाणी कोमटच हवं, हात सोसेल इतपत. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं. फ्रिजमधलं खोबरं गार पाण्यात वाटलं तर स्निग्धांश घट्ट राहून चोथ्यातच अडकतो आणि दूध पाणचट निघतं. उकळतं पाणीही नको, त्याने नारळाची प्रथिनं गोठतात.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे थेंब, आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी प्रथिनं. ६० ते ७५ मिलिलीटर आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) घातलं की आम्लता वाढते, प्रथिनांवरचा विद्युतभार घटतो, ती एकमेकांना चिकटू लागतात आणि थेंब गोळा होऊन वर येतात. हे काही तासांत होणारच. म्हणून दूध आधी काढून फ्रिजमध्ये ठेवा, पण आगळ पाहुणे येण्याच्या तासभर आधी, थोडं थोडं ढवळत घाला. नंतर ती बर्फगार करू नका आणि बर्फ तर अजिबात टाकू नका. गोठलेल्या स्निग्धाचे रवे टाळूला चिकटतात. फार गार नसलेली सोलकढी सगळ्यांत मखमली लागते. आगळात मीठ असतंच, तेव्हा इथेही मीठ शेवटी, चाखून.

रंगही बरंच सांगतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनांचा. ही द्रव्यं आम्लात लाल आणि आम्लता कमी झाली की जांभळट दिसतात. सोलकढी गुलाबी न होता करड्या-जांभळट छटेची झाली तर आगळ कमी पडलं आहे, चमचाभर वाढवा. कोकम सरबताच्या तयार बाटलीची शंका आली तर चमचाभर सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा. कोकमाचाच रंग असेल तर तो निळसर-जांभळ्याकडे झुकतो, कृत्रिम लाल रंग सहसा तसा पालटत नाही. ही सगळी आंबट पेयं काच, स्टील किंवा चिनी मातीत ठेवावीत. शोभेसाठी तांब्या-पितळेचं भांडं काढलं असेल तर आत कल्हई आहे ना, हे बघितल्याशिवाय त्यात ताकही ओतू नये.

मठ्ठ्याला फारसं सांगायला नको: अर्धा किलो दही, दीड लिटर गार पाणी, आलं-मिरचीचं वाटण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, कोथिंबीर, मीठ. वर पाणी आणि खाली गाळ असा तो फुटलेला दिसला तर बिघडला असं नाही. दह्यातल्या केसीनचे कण जड असतात, ते खाली बसतात. जगजवळ रवी ठेवली की झालं. ताकात कच्चं आलं चालतं, कारण तिथलं दूध आधीच विरजलेलं असतं. मसाला दुधात मात्र ते किसून घालू नये. आल्यातलं झिंजिबेन हे विकर दुधाची प्रथिनं तोडून ते नासवतं. दुधात घालायचं आलं आधी पाण्यात उकळून घ्यावं.

कैऱ्यांचा मोसम असेल तर पन्हं हवंच. अर्धा किलो कैऱ्या पाण्यात न उकडता वाफवा, गर काढा, १२५ ग्रॅम गूळ, वेलची, केशर, पाव चमचा मीठ आणि दोन लिटर पाणी. वेलचीचा वास गोडाची जाणीव वाढवतो आणि तेवढा गूळ वाचतो.

आता बर्फ. घरगुती बैठकीत पेयं पाणचट होण्याचं मुख्य कारण तोच आहे. एक लिटर पेय ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे २५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळून ५ अंशांपर्यंत येताना जवळपास ८५ कॅलरी शोषतो. म्हणजे लिटरमागे ३०० ग्रॅम बर्फ वितळून पेयात जातो आणि मोजूनमापून केलेली चव पाऊणपट होते. तेच पेय फ्रिजमधून ८ अंशांवर आलं तर ४ अंशांवर आणायला ५० ग्रॅम बर्फही लागत नाही. फ्रिजमध्ये जागा नसेल तर बाटल्या बादलीत बर्फ-पाण्यात बुडवा. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला मोजक्या ठिकाणी टेकतात. मध्ये पाणी असलं की सगळ्या बाजूंनी उष्णता निघते. पिण्याच्या पेल्यातला बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच असावा.

बारा माणसं आणि तीन तास धरले तर माणशी चार छोटे पेले, म्हणजे ६०० मिलिलीटर. एकूण सात लिटरच्या आसपास. पहिल्या तासात निम्मं संपतं. सोड्याचा अर्क एका घाण्याचा, कोकम-चहा आणि मठ्ठा प्रत्येकी अडीच घ्यायचा मोह टाळून दोन लिटर, सोलकढी दोन नारळांची. साधं पाणी वेगळं ठेवायचंच.

खाण्याबद्दल एकच तत्त्व: चखणा तसाच्या तसा उचलू नये. तो खारट आणि तळकट असतो, कारण मीठ दारूचा कडवटपणा झाकतं आणि तहानही वाढवतं. पेयातच आलं-आगळ असताना तेवढं मीठ जड होतं. पाव किलो पातळ पोहे मंद आचेवर कोरडेच कुरकुरीत भाजून, तीन चमचे तेलाच्या फोडणीत शेंगदाणे, डाळं आणि कढीपत्ता घालून केलेला चिवडा पुरतो. कढीपत्ता पूर्ण कडक होऊ द्या आणि चिवडा पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरला तर वाफ झाकणाला लागून पुन्हा पोह्यांत उतरते आणि दुसऱ्या दिवशी चिवडा चामट होतो.

कोथिंबीर वडी तळायची गरज नाही. दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, २० मिनिटं वाफ. गरम असताना कापली तर ती भुगा होते. उकडून फुललेला स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. तासभर थांबा, कापा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करा. खमंग काकडीला मीठ वाढताना घाला, आधी घातलं तर दहा मिनिटांत काकडी पाण्यात पोहते. ओल्या भेळेचंही तेच: सामान मांडून ठेवा, कालवायची ती ताटलीत.

दह्या-नारळाचे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. जग लहान भरा आणि फ्रिजमधून पुन्हा भरा.

आणि बैठक खरोखर बिनदारूची हवी असेल, कुणाची औषधं सुरू आहेत, कुणी दारू सोडली आहे, तर आंबवलेली पेयं वगळा. घरची गाजराची कांजी, कोंबुचा, यीस्ट घालून केलेली जिंजर बियर, या सगळ्यांत मद्यार्क तयार होतो आणि किती झाला ते घरी मोजता येत नाही. पहाटे उतरवलेली गोड नीरासुद्धा उन्हात काही तास राहिली की हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे ताडीच्या वाटेला लागते. भारतात ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असलेलं पेय अन्नसुरक्षा नियमांच्या व्याख्येत मद्य ठरत नाही, तेव्हा ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या बाटलीवरचा आकडाही वाचावा.

उरलेला आल्याचा अर्क आणि कोकम-चहा फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. मठ्ठा आंबट होतो, पण त्याची कढी करता येते. सोलकढी तेवढी त्याच रात्री संपवायची.