गुणसुधार परीक्षा आणि न्यायालयीन वाद (पुणे)

उत्तीर्ण विद्यार्थ्याने वाढीव गुणांसाठी त्याच परीक्षेला पुन्हा बसणे म्हणजे गुणसुधार. पुण्यातल्या कॉलेजांच्या ऑफिसात याला ‘श्रेणीसुधार’ किंवा सरळ ‘क्लास इम्प्रूव्हमेंट’ म्हणतात. नापास विषयाची एटीकेटी वेगळी आणि लिहिलेलीच उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेणे, म्हणजे पुनर्मूल्यांकन, तेही वेगळे. न्यायालयात मात्र तिन्हींना साधारण एकच कसोटी लागते, म्हणून त्यांचा विचार एकत्र करावा लागतो.

यातले बरेच तंटे ५५ या आकड्यापाशी सुरू होतात. सहायक प्राध्यापकपदासाठी आणि त्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी, म्हणजे नेटसाठी, खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. नेटच्या नियमानुसार अपूर्णांक वर ओढून पूर्णांक करता येत नाही. त्यामुळे एम.ए.ला ५४.८ टक्के मिळवलेला माणूस प्रथम वर्ग हुकल्याच्या दुःखात नसतो, त्याला ०.२ टक्के हवे असतात. गुणसुधाराचा फॉर्म भरायला तो गणेशखिंडीत, म्हणजे पुणे विद्यापीठात, येतो, तेव्हा नियमाचे बारीक कंगोरे त्याला पहिल्यांदा कळतात. किती संधी, किती वर्षांच्या आत, निवडक विषय की सगळे? दहावी-बारावीच्या राज्य मंडळाच्या योजनेत सगळे विषय घेऊनच बसावे लागते. आणि सर्वांत नाजूक प्रश्न: दुसऱ्यांदा कमी पडले तर जुने गुण राहणार की गेले?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ पासूनचे. सावित्रीबाईंचे नाव २०१४ मध्ये मिळाले. त्याचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली चालतो. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. परीक्षांचे काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे असते. नियमांची उतरंड अशी: अधिनियम, मग विद्यापीठाचे परिनियम, मग विद्यापीठाचेच अध्यादेश, आणि तळाशी परिपत्रक. विद्यार्थ्याच्या हाती बहुधा परिपत्रकच पडते, ते अध्यादेशाशी जुळते का हे कोणी पाहत नाही. वकील आधी तेच पाहतात, कारण परिपत्रकाने अध्यादेश बदलता येत नाही.

या विषयावरचा पायाभूत निकाल पुण्याशी अप्रत्यक्षपणे जोडलेला आहे. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, मुख्यालय असलेल्या राज्य मंडळाचा विनियम १०४ विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी देत होता: सगळी उत्तरे तपासली का, बेरीज बरोबर का, एवढेच. उत्तरपत्रिका पाहणे आणि पुनर्मूल्यांकन दोन्हींना मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने ही बंधने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार सेठ प्रकरणात तो निर्णय फिरवला. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इतके ताणता येत नाही की परीक्षार्थीच मूल्यमापनात भागीदार व्हावा, असा त्या निकालाचा आशय. नियम शहाणपणाचा आहे का हे न्यायालय ठरवणार नाही. तो कायद्याच्या चौकटीत आहे का, एवढेच पाहील. विद्यापीठांचे वकील आजही हाच निकाल पुढे करतात.

१९८४ च्या निकालाने उभ्या केलेल्या भिंतीला पहिले खिंडार माहिती अधिकाराने पाडले. २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ ठरली. छायाप्रत हाती आली की वाद जमिनीवर येतो: मुखपृष्ठावरच्या चौकटीत प्रश्न ४ (ब) चा रकाना कोरा, आत मात्र दीड पान उत्तर आणि त्यावर लाल शाईची एकही खूण नाही. असे दिसले तर सहानुभूती मागावी लागत नाही. राज्य मंडळ आज स्वतःच छायाप्रत देते, पुनर्मूल्यांकनही करते. म्हणजे १९८४ मध्ये जे नाकारण्याचा हक्क जिंकला, ते पुढे आपणहून दिले. २०१७ च्या रणविजय सिंह निकालाने मात्र पुन्हा बजावले की, नियमात पुनर्मूल्यांकनाची तरतूद नसेल तर न्यायालय अपवादानेच, चूक उघड दिसत असेल तरच, हात घालेल.

गुणसुधारावर थेट बोट ठेवणारा निकाल ७ जानेवारी २०२२ चा, सुकृती प्रकरणातला. कोरोनामुळे बारावीची परीक्षा न घेता सीबीएसईने सूत्राने गुण दिले आणि सुधार परीक्षेत मिळतील तेच अंतिम, अशी अट घातली. काहींचे गुण घटले. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. माझ्या मते विद्यापीठांच्या अध्यादेशांना यातून धडा आहे: सुधार ही सवलत असली, तरी तिची प्रत्येक अट आपोआप वाजवी ठरत नाही.

स्वस्त म्हणून ग्राहक आयोगाकडे धाव घेण्याचा मार्ग बंद आहे. परीक्षा घेणे ही ‘सेवा’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने बिहार मंडळाच्या २००९ मधील प्रकरणात ठरवले. उरते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात करायची रिट याचिका. पुण्यात उच्च न्यायालयाचे खंडपीठ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही. म्हणून फाइल घेऊन मुंबई गाठावी लागते. तोवर प्रवेशाची तारीख टळू नये म्हणून आधी अंतरिम आदेश मागितला जातो. नोकरीच्या बाबतीत अडचण आणखी पक्की: वेगळे काही नमूद नसेल तर पात्रता अर्जाच्या शेवटच्या दिवशी हातात असावी लागते, असे रेखा चतुर्वेदी प्रकरणात १९९३ मध्ये ठरले. सुधारित गुणपत्रक त्यानंतर आठवड्याने आले, तर त्या जाहिरातीपुरते ते ५४.८ च.