मेट्झलर यांची खुर्ची: २००३ च्या निकालाची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडच्या माजी मंत्री रूथ मेट्झलर यांचं नाव निघालं की चर्चा १० डिसेंबर २००३ वर, म्हणजे संसदेने त्यांना मंत्रिपदावरून घालवलं त्या दिवसावर, येऊन अडकते. पण त्यांची राजकीय जडणघडण झाली ती आपेंझेल इनररोडेन या जेमतेम पंधरा हजार वस्तीच्या कॅन्टनमध्ये, म्हणजे स्विस राज्यात. तिथे एप्रिलअखेरच्या रविवारी मतदार चौकात जमतात आणि हात वर करून कारभारी निवडतात. पुरुषांच्या कमरेची तलवार मतदार म्हणून ओळखीला चालते. देशपातळीवर बायकांना १९७१ मध्येच मताधिकार मिळाला होता. कॅन्टनच्या कारभारात मात्र इथल्या पुरुषांनी १९९० मध्येही तो नाकारला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भाग पाडलं. आणि १९९६ मध्ये याच चौकाने खजिना एका बाईच्या हाती दिला, तीही मूळची ल्युसर्नकडची! कायदा आणि हिशेबतपासणी शिकलेल्या मेट्झलर ११ मार्च १९९९ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, थेट सात जणांच्या केंद्रीय मंत्रिमंडळात गेल्या. खातं न्याय आणि पोलिस.

आता वादाचा मुद्दा. १९५९ पासून चार मोठ्या पक्षांत मंत्रिमंडळाच्या सात खुर्च्यांची वाटणी ठरलेली होती: दोन, दोन, दोन, एक. २००३ च्या निवडणुकीत एका खुर्चीवाला पक्ष पहिला आला आणि त्याच्या उद्योगपती नेत्याने, क्रिस्टोफ ब्लोखर यांनी, स्वतःसाठी दुसरी मागितली. मेट्झलर यांचा पक्ष चौथ्या क्रमांकावर घसरलेला, तरी खुर्च्या दोन. म्हणजे कुणाची तरी जाणार हे उघड होतं. पण कुणाची? संसद एकेका खुर्चीसाठी ज्येष्ठतेनुसार मतदान घेते. मेट्झलर आणि त्यांच्याच पक्षाचा दुसरा मंत्री एकाच दिवशी निवडून आलेले, फक्त मेट्झलर यांची निवड आधी झाली होती. त्यामुळे त्यांचीच खुर्ची आधी मतदानाला आली. तिसऱ्या फेरीत ब्लोखर यांना १२१ आणि मेट्झलर यांना ११६ मतं पडली. संसदेने विद्यमान मंत्र्याला घरी पाठवण्याची १८७२ नंतरची ही पहिलीच वेळ. मग मेट्झलर आपल्या पक्षबंधूच्या खुर्चीसाठी त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, तिथेही हरल्या.

हे निव्वळ संख्याबळाचं गणित होतं, असं आजही सांगतात. ते पुरतं पटत नाही. दुसऱ्या एका रिकाम्या जागेसाठी बाई उमेदवार असताना त्याच दिवशी तिथेही पुरुषच निवडला गेला आणि मंत्रिमंडळात दोनाची एकच बाई उरली.

२००७ मध्ये त्या उद्योगपती नेत्याला, ब्लोखर यांनाही, संसदेने असंच उठवलं. त्याच्या जागी आली ग्राउब्युंडेन कॅन्टनची अर्थखातं सांभाळणारी बाई, त्याच्याच पक्षाची. मेट्झलर तोवर खासगी कंपन्यांत रुळल्या होत्या. २०२५ पासून त्या देशाच्या ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष आहेत.