लग्नाच्या व्हिडिओचे रंग: फुटेज देण्याआधी हे वाचा

हळद सकाळी गच्चीवर, लग्न एसी हॉलमध्ये, रिसेप्शन रात्री एलईडीच्या झगमगाटात. ठाण्यातल्या बहुतेक कार्यांचं फुटेज रंग दुरुस्त करायला आमच्याकडे असंच येतं आणि नवरीचा चेहरा तीन ठिकाणी तीन रंगांचा दिसतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. दुपारचं ऊन साधारण ५६०० केल्विनचं, तर पिवळे हॅलोजन ३२०० च्या आसपास. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला मात्र व्हाइट बॅलन्स द्यावा लागतो, म्हणजे या उजेडात पांढरं कोणतं ते सांगावं लागतं.

हळदीत कॅमेरा ऑटोवर असेल तर हमखास घोळ होतो. पिवळा मंडप, झेंडू, हळद असं सगळीकडे पिवळंच दिसलं की तो निळ्याकडे सरकतो. हळद मातकट दिसते, नवरदेवाचा बनियन निळसर. अशा वेळी आम्ही फ्रेममधलं पांढरं शोधतो, मुंडावळ्यांचे मोती किंवा भटजींचं उपरणं. ते पांढरं झालं की हळद आपोआप जागेवर येते.

सगळे शॉट असे एकमेकांशी जुळवणं म्हणजे करेक्शन. फिल्मी लूक देणं म्हणजे ग्रेडिंग, ते नंतरच. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे फ्रेममधले रंग दाखवणाऱ्या गोल आलेखावर, माणसाच्या त्वचेचे रंग एकाच रेषेच्या जवळपास पडतात, मग माणूस गोरा असो की सावळा. फरक मुख्यतः उजळपणाचा. चेहऱ्यावरचा उजेड आम्ही जरूर नीट करू, पण ‘नवरीला गोरी करा’ हे काम आम्ही घेत नाही.

काही गोष्टी मात्र परत आणता येत नाहीत. पांढरं फट्ट होऊन जळलेला भाग गेला तो गेलाच. गडद गुलाबी एलईडीखाली काळपट झालेला हिरवा चुडाही पुन्हा तसा हिरवागार होत नाही. प्री-वेडिंग उपवन तलावाकाठी संध्याकाळी करणार असाल तर फोटोग्राफरला १० बिटवर शूट करायला सांगा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. पायऱ्या कमी असल्या की रंग ताणताना आकाशात पट्टे उमटतात.

फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबलं जातं. कार्डातल्या मूळ फाइल्स हार्ड डिस्कवर आणा. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग करायला सोयीच्या फिक्या प्रोफाइलमध्ये, शूट केलेलं फुटेज फिकट, राखाडी दिसतं, ते तसंच असतं, घाबरू नका.

आधी आम्ही एक छोटा तुकडा देतो. तो टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड बंद करून, ‘सिनेमा’ मोडवर पाहा आणि मगच रंगांबद्दल सांगा.