चर्चेची मात्रा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर संध्याकाळी बसणारा, बी.फार्म. करणारा एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात एकदा त्यानं विचारलं, "काका, ते मॅजिक मशरूम खाल्लं का डिप्रेशन जाते म्हणते. खरं हाय का?" गिऱ्हाईकं त्याच्याकडे मायक्रोडोसिंगची, म्हणजे नशा चढणार नाही इतक्या बारीक मात्रेची, चौकशी करून जातात म्हणे. कुणी रील पाहिलेली असते, कुणी पॉडकास्ट ऐकलेला असतो.

मॅजिक मशरूम, एलएसडीसारख्या जाणीव बदलणाऱ्या सायकेडेलिक द्रव्यांचा हा बोलबाला समाजाच्या भल्याचा की वाईटाचा, यावर हल्ली हिरिरीनं भांडणं होतात. भांडणारे बहुतेक द्रव्याबद्दलच बोलतात: गुणकारी किती, घातक किती. पण या द्रव्यांच्या बाबतीत बोलबाला बाहेर राहत नाही. तो औषधात मिसळतो, आणि औषधाचा गुण मोजायच्या फूटपट्टीतही शिरतो. हे मी मनचं सांगत नाहीये, अलीकडच्या प्रयोगांतूनच दिसतंय.

आधी थोडं रसायन. सायलोसायबिन (मॅजिक मशरूममधलं द्रव्य), एलएसडी, डीएमटी ही मूळ सायकेडेलिक मंडळी. मेंदूतल्या पेशींवर सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनासाठी अनेक प्रकारची रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, असतात. त्यातल्या ५-एचटी२ए नावाच्या रिसेप्टरला ही चेतवतात आणि विचारांची, जाणिवांची, 'मी'पणाची नेहमीची घडी काही तास विस्कटते. केटामीन हे भूल द्यायचं जुनं औषध. ते ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाची वाट अडवतं. एमडीएमए (एक्स्टसी) आणखी वेगळं. बातम्यांत मात्र सगळी एकाच टोपलीत, आणि आपल्याकडे त्याच टोपलीत भांग आणि धोतराही टाकला जातो.

यातला धोतरा जिवावर बेतू शकतो. महादेवाच्या पिंडीवर वाहतात त्या धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. ते ॲसिटिलकोलिन या आणखी एका निरोप्या रसायनाचं काम बंद पाडतं. तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं पण घामाचा टिपूस नाही, लघवी तुंबलेली, आणि माणूस हवेत नसलेले धागे चिमटीत धरून ओढत बसलेला. शुद्धीवर आल्यावर बहुतेकांना काही आठवत नाही. याला अनुभव-बिनुभव म्हणू नये, ही सरळ विषबाधा आहे. रानातल्या मशरूमचंही तसंच. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या तोडणाऱ्या बायका जागा, देठ, वास सगळं पारखून घेतात. मोबाइलवरच्या फोटोशी ताडून तोडणाऱ्याच्या हाती ॲमानिटाची विषारी जात लागली, तर पहिले सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग दिवसभर बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्यानंतर लिव्हर निकामी होऊ लागतं.

असा बोलबाला याआधीही एकदा झाला होता. मे १९५७ मध्ये 'लाइफ' या अमेरिकी मासिकात गॉर्डन वॉसन नावाच्या बँकरनं मेक्सिकोतल्या माझातेक लोकांच्या रात्रीच्या मशरूम-विधीचं वर्णन छापलं. विधी करणारी बाई होती मारिया साबिना. लेखात तिचं नाव बदललेलं होतं, तरी लोक माग काढत तिच्या गावी पोचले. आजाऱ्याचं दुखणं कळावं म्हणून होणारा विधी परदेशी हौशा-गवशांच्या सहलीचा विषय झाला. मागोमाग पोलिस आले, गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं गेलं. त्याच मशरूममधून अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये सायलोसायबिन वेगळं काढलं. विज्ञानाचा फायदा झाला, किंमत तिनं मोजली.

पुढे हार्वर्डच्या टिमोथी लिअरींनी संशोधन सोडून प्रचार आरंभला, लाट आली, आणि लाटेला उत्तर म्हणून १९७० चा अमेरिकी कायदा आणि १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. दारूच्या व्यसनावर, कॅन्सरच्या रुग्णांच्या मृत्युभयावर चाललेले गंभीर प्रयोगही त्यात गुंडाळले गेले. त्यांची गाडी पुन्हा नीट रुळावर आली ती २००६ च्या सुमारास, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या कामानंतर.

आता मुद्द्याचं. औषधाच्या चाचणीत कुणाला खरं औषध आणि कुणाला खोटं, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. आशेनं बरं वाटणं आणि औषधानं बरं होणं यांची फारकत करायला दुसरा उपाय नाही. पण २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन घेतल्यावर समोरची भिंत श्वास घेऊ लागली, की आपल्याला काय मिळालं हे विचारायची गरज उरत नाही. ज्याला काहीच होत नाही त्यालाही कळतं. हा माणूस महिनोन्‌महिने याबद्दल वाचून, 'आयुष्य बदललं' छाप मुलाखती ऐकून, मोठ्या आशेनं आलेला असतो. आपल्या वाट्याला खोटी गोळी आली हे कळल्यावर तो खचतो. म्हणजे एका गटाचे आकडे आशेनं फुगतात, दुसऱ्याचे निराशेनं घसरतात, आणि मधला फरक आपण औषधाच्या खात्यावर जमा करतो. जून २०२४ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या सल्लागार समितीत एमडीएमए-उपचारावर चर्चा झाली तेव्हा याच फुटलेल्या गुपितावर बराच खल झाला. फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे असं मानायला समितीनं १० विरुद्ध १ मतांनी नकार दिला, आणि ऑगस्टमध्ये एफडीएनं परवानगी नाकारली.

मला यातला सगळ्यात झकास वाटलेला प्रयोग स्टॅनफर्डचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. नैराश्य असलेले ४० रुग्ण निवडले, ज्यांचं कसलं तरी दुसरंच ऑपरेशन ठरलेलं होतं. पूर्ण भूल दिल्यावर, बेशुद्धीतच, काहींना केटामीन दिलं आणि काहींना सलाइन. तरंगल्यासारखं वाटणं नाही, रंग नाहीत, काहीच नाही. गुपित पक्कं राहिलं. पुढच्या दिवसांत दोन्ही गटांचं नैराश्य चांगलंच उतरलं, आणि जवळपास सारखंच. ज्यांची अपेक्षा मोठी होती त्यांना गुणही जास्त आला. आता याचे दोन अर्थ निघतात. एक, केटामीनच्या नावावर जमा होणाऱ्या गुणाचा मोठा हिस्सा आशेचा. दुसरा, जागेपणी येणारा अनुभवच कामाचा असतो आणि भुलीनं तो पुसला गेला. शिवाय आठवडे-आठवडे कुणी आस्थेनं विचारपूस करतंय, याचाही गुण येतो. माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे, पण एका प्रयोगावर पैज लावणार नाही.

मायक्रोडोसिंगचं तर फारसं काही उरत नाही. २०२१ मध्ये इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी १९१ जणांना आपापल्या कॅप्सूल आपणच भरून, खऱ्या-खोट्या मिसळून घ्यायला लावल्या. दोन्ही गटांना बरं वाटलं, सारखंच.

मोठ्या चाचण्यांचे आकडेही हेच सुचवतात. नैराश्य मोजायची एक ६० गुणांची पट्टी आहे. २०२२ मध्ये कंपास पाथवेज या कंपनीच्या, २३३ रुग्णांवरच्या सायलोसायबिनच्या चाचणीत २५ मिलिग्रॅमच्या गटात १ मिलिग्रॅमच्या गटापेक्षा ६.६ गुणांची जास्त घट दिसली, तीन आठवड्यांनी. बारा आठवड्यांपर्यंत टिकाव धरलेले त्या गटात साधारण २० टक्के. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या पुढच्या टप्प्यातल्या चाचणीत सहा आठवड्यांनी फरक आला ३.६ गुणांचा. दोन्हींची रचना वेगळी, तुलना सांभाळून करावी. तरीही औषधात दम आहे असं मी म्हणेन, फक्त रीलमधल्याइतका नाही.

बोलबाल्याचं देणंही नाकारता येत नाही. त्याच्याशिवाय या चाचण्यांना पैसा मिळाला नसता. इतर गोळ्यांनी न हटणारं नैराश्य असलेल्यांसाठी नवीन काही शोधलं जातंय, हे थोडं नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए ठरावीक आजारांत देता येतं.

पण तिथली गोष्ट इथं पोचते तेव्हा वाटेत बरंच काही गळून पडतं. सायलोसायबिनचं एक सत्र सहा ते आठ तासांचं. आधी तयारीच्या भेटी, नंतर बोलण्याच्या भेटी, आणि सत्रभर शेजारी प्रशिक्षित माणूस, बहुधा दोन. आपल्या सरकारी ओपीडीत मानसोपचाराच्या रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मानसिक आजारांत उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के आहे. शेतकरी आत्महत्यांची आपल्या विदर्भाइतकी झळ फार थोड्या भागांना बसली असेल, आणि इथं तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ सापडणं मुश्कील. त्या आठ तासांची सोय कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या पगारावर करायची, हे कुठल्याही पॉडकास्टमध्ये येत नाही. येतं ते फक्त द्रव्य, आणि तेच तेवढं पोस्टानं मागवता येतं.

कायदाही गळतो. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली एलएसडी ०.१ ग्रॅमच्या वर गेलं की 'व्यापारी प्रमाण' होतं आणि किमान १० वर्षं सक्तमजुरी लागते. कागदाच्या चिटोऱ्यावर शोषलेलं एलएसडी पकडलं तर कागदाचं वजन धरायचं की नाही, यावर आपल्याकडे कोर्टात खटले लढवले गेलेत. गळतात ते प्रश्नही, जे चाचणीत आधी विचारले जातात: घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, कुणाला बायपोलर? 'हो' म्हणणाऱ्याला सहसा घेत नाहीत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भास घडवणाऱ्या द्रव्यांमुळे इमर्जन्सीत यावं लागलेल्यांना पुढच्या तीन वर्षांत स्किझोफ्रेनियाचं निदान होण्याचा धोका, इतर कारणं हिशोबात धरूनही, सर्वसाधारण लोकांच्या साधारण साडेतीन पट निघाला. कारण आणि परिणाम यातून सिद्ध होत नाही, पण घरात तसा आजार असलेल्यानं या वाटेला जाऊ नये इतकं पुरेसं आहे.

काउंटरवरच्या त्या पोराला मी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. नैराश्यावरच्या रोजच्या काही गोळ्या, एस्सिटालोप्रामसारख्या, मशरूमचा असर बोथट करतात. म्हणून इंटरनेटवर 'आधी गोळ्या सोडा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकून गोळी अचानक बंद केली की चक्कर, झोप उडणं, अस्वस्थपणा, आणि पुष्कळदा तेच नैराश्य परत. लिथियम चालू असताना ही द्रव्यं घेतल्यानं फिट आल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चिठ्ठी घेऊन येणारा एखादा नेहमीचा माणूस दोन महिने दिसला नाही, किंवा 'गोळ्यांची आता गरज नाही, दुसरं काही घेतोय' म्हणाला, तर त्याला आपल्या डॉक्टरला फोन करायला सांग. डॉक्टर नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलतात.