चाकावरचा काळा थर आणि पार्लरचा वास

रविवारी सकाळी गाडी धुवायला काढली. महिन्याभरात नाशिक-मुंबई अशा तीन फेऱ्या झाल्या होत्या. बॉनेट, दारं, काचा शॅम्पूनं स्वच्छ निघाल्या, पण पुढच्या अलॉय व्हीलवरचा काळपट-तपकिरी थर हलेना. नारळाची शेंडी झाली, भांड्यांचा साबण झाला. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "संडासचं अ‍ॅसिड टाक, दोन मिनिटांत लख्ख!" त्यांच्या चाकांवर पांढरे चट्टे कसे आले, हे मला त्या दिवशी कळलं.

हा थर म्हणजे ब्रेक पॅडची भुकटी, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. थोडा थर खरवडून कागदावर घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवा. शाळेत लोहकीस उभा राहायचा तशी बारीक काळी लव उभी राहते. पॅड ज्या डिस्कला चिमटीत धरतात, ती डिस्क बिडाची असते, म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याच्याच जातीची. ब्रेक मारला की पॅड झिजतो तशी डिस्कही झिजते. त्या काळ्या थरात लोखंडाचा वाटा मोठा असतो.

किती झिजत असेल? इगतपुरी ते कसारा उतार ढोबळमानानं ३०० मीटरचा. १,२०० किलोची गाडी तेवढी खाली आली की सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. घरातलं १० लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच लागते. थोडी हवेचा विरोध खातो. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बरीच इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे मात्र जवळजवळ सगळा भार ब्रेकवर टाकतात, आणि घाटात तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात.

डिस्कवरून उडालेले कण चाकाच्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसतात. त्यावर पावसाचं पाणी पडलं की गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे लॅकरच्या बारीक खाचेतला कण पाचरीसारखा रुतून बसतो. साबण तेलकट मळ उचलतो, गंजाला त्याचं काहीच वाटत नाही.

शेवटी दुकानातून 'आयर्न रिमूव्हर' आणला. फवारल्यावर मिनिटभर काहीच नाही. मग एकेका ठिपक्यातून जांभळाच्या रसासारखे ओघळ सुरू झाले आणि पाठोपाठ सडक्या अंड्यासारखा दर्प आला. मुलगी नाक दाबून म्हणाली, "बाबा, हा तर पार्लरमधला वास!"

तिचं नाक बरोबर होतं. यातलं मुख्य रसायन थायोग्लायकोलेट. त्याचा रेणू अगदी छोटा, दोनच कार्बनचा. पण त्याच्या एका टोकाला ऑक्सिजन आणि दुसऱ्या टोकाला गंधक आहे. लोहाचा अणू दिसला की दोन्ही टोकं त्याला धरतात आणि लोह, गंधक, दोन कार्बन, ऑक्सिजन असं पाच अणूंचं कडं तयार होतं. अशा पकडीला रसायनशास्त्रात चिलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. गंजातलं लोह फेरिक, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं. गंधक त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं. फेरस लोह गंजाच्या जाळीतून सहज सुटतं आणि नांगीत अडकून पाण्याबरोबर वाहून जातं. हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा फेरिक करतो. नांगीतल्या या फेरिक लोहाकडे गंधकाचा इलेक्ट्रॉन झेप घेऊ पाहतो, त्या झेपेसाठी हिरवा-पिवळा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला उरलेला जांभळा दिसतो.

पार्लरशी नातं जुळतं तेही गंधकामुळेच. केसातल्या केराटिन या प्रथिनाचे धागे गंधकाच्या जोड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. या जोड्या थायोग्लायकोलेट तोडतं, हे १९३४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस यांनी दाखवलं. जीवरसायनशास्त्रात एन्झाइमच्या वेगाचं मायकेलिस-मेंटेन समीकरण येतं, त्यातलाच हा मायकेलिस. केस कुरळे करायचं लोशन आणि केस काढायचं क्रीम दोन्ही याच रसायनावर चालतात.

जाहिरातवाले या जांभळ्या रंगाला 'नॅनो शक्ती' म्हणून विकतात. गंजका खिळा वाटीत ठेवून त्यावर फवारा, तोही जांभळा रडेल. रंग फक्त एवढंच सांगतो की इथे लोह आहे. लिंबातलं सायट्रिक आम्लही लोहाला असंच धरतं, पण त्यासाठी रस गंजापर्यंत पोचावा लागतो. मिरच्यांसोबत बंपरला टांगलेल्या लिंबाला ते जमत नाही.

काकांच्या अ‍ॅसिडचं सांगायचं राहिलंच. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि अलॉय चाकं अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियमला स्वतःच्या ऑक्साइडचं पातळ कवच असतं, तेच हे आम्ल आधी विरघळवतं. कॉस्टिक सोडाही तेच करतो, म्हणजे अ‍ॅसिड नको म्हणून सोडा हा उपाय नव्हे. रिमूव्हर मारायचा तो थंड चाकावर, सावलीत, हातमोजे घालून, आणि सुकायच्या आत भरपूर पाण्यानं धुवायचा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवून जास्त उजळत नाही. धुतल्यावर ओले ब्रेक हळू गाडी चालवत दोन-तीनदा दाबून घ्या.

मागच्या चाकांवर मात्र जेमतेम दोन ओघळ आले. मुलीला वाटलं बाटली संपली. बाटली अर्धी भरलेली होती. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे जास्त काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे डब्यासारख्या बंद ड्रमच्या आतून घासणारे, तिथली भुकटी बरीचशी आतच साठते. गॅरेजवाला ड्रम उघडून हवेचा पाइप मारतो तेव्हा ती सगळी एकदम बाहेर येते. मी हल्ली त्या वेळी चहाच्या टपरीवर असतो, आणि त्यालाही हवेऐवजी ओल्या फडक्यानं पूस म्हणून सांगतो. तो हसतो आणि पाइप मारतो.